गणित विश्व चालवतं, की फक्त त्याचं वर्णन करतं?

लष्करकर : आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. बागेची लांबी २७० हात, देवाला रोज ५० माळा. दोन्ही आकड्यांत शून्य कोरलेलं. ते दाखवलं की पाहुणे हमखास म्हणतात, "सगळं विश्व गणितावरच चालतं." मला हे मुळीच पटत नाही.

युरेनसची चाल हिशेबात बसेना, म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिएने पलीकडे आणखी एक ग्रह असणार असं मांडलं. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गालेने दुर्बीण लावली, आणि नेपच्यून सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिएने तीच रीत बुधाला लावली. बुधाची कक्षा हिशेबापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते. त्यासाठी सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह मानला गेला. तो कधीच सापडला नाही. रीत तीच, माणूस तोच. गणिताचा हुकूम चालत असता तर बुधाने ऐकलं नसतं का?

बाड्यावरची : काका, हिशेब होता न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचा. हरला तो नियम, गणित नव्हे. १९१५ मध्ये आइनस्टाइनने बुधाचं कोडं सोडवलं ते गणिती रीमानच्या वक्र अवकाशाच्या भूमितीवर, आणि ती १८५४ चीच. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकचं १९२८ चं समीकरण घ्या. इलेक्ट्रॉनसाठी लिहिलं, आणि त्यातून ऋण ऊर्जेची उत्तरंही निघाली. १९३२ मध्ये अँडरसनला वैश्विक किरणांत त्या उत्तरांनी सुचवलेला पॉझिट्रॉन दिसला, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन भाराचा कण. नुसतं वर्णन असतं, तर कुणी न पाहिलेला कण त्यात आला कुठून?

लष्करकर : त्या उत्तरांचा अर्थ डिरॅकने आधी प्रोटॉन असाच लावला होता.

बाड्यावरची : हो, आणि इलेक्ट्रॉन आणि त्या उत्तरांतला कण, दोघांचं वस्तुमान सारखंच हवं, हे गणिती वाइलने गणितानेच दाखवलं. प्रोटॉन तर इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड.

निवृत्त मास्तर : किल्ल्याच्या तटावरून चेंडू सरळ वर फेका. जमिनीवर कधी पडेल याची वर्गसमीकरणातून दोन उत्तरं येतात, एक धन, एक ऋण. ऋण उत्तर मुलं खोडतात. कोणतं खोडायचं हे समीकरण सांगत नाही, चेंडू सांगतो. म्हणून मी लष्करकरांच्या बाजूने.

बाड्यावरची : सर, ते खोडू नका! चेंडू जमिनीवरूनच वर आला असता, तर तुमच्या हाताशी पोचण्याच्या किती आधी निघाला असता, ती वेळ आहे ती. डिरॅकची ऋण उत्तरं तर खोडताच येत नाहीत. ती काढली की उरलेल्या उत्तरांतून इलेक्ट्रॉनच्या सगळ्या अवस्था मांडता येत नाहीत.