‘आई’ या अर्थाची जपानी कांजी: लिहावी कशी आणि वाचावी कशी?

नवशिका

नमस्कार. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या उच्चारदर्शक लिप्या शिकून झाल्यावर मी कांजीकडे, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांकडे वळलो आहे आणि सुरुवात घरातल्या माणसांपासून करावी म्हणून ‘आई’ ही कांजी निवडली आहे. पाच रेषांची ही आकृती पाहताना सोपी वाटते. मात्र वहीत उतरवताना ती एक तर खिडकीच्या चौकटीसारखी ताठ होते किंवा एका बाजूला कलंडते. दुसरी अडचण वाचनाची आहे. पुस्तकात तिच्यापुढे ‘हाहा’ आणि ‘बो’ अशी दोन वाचने, म्हणजे उच्चार, दिली आहेत, तर संवादांत ‘ओकाआसान’ लिहितानाही तीच कांजी येते. यांपैकी आधी काय पाठ करावे आणि रेषांचा क्रम काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बोरू

आपण तिला चौकोन समजून लिहीत आहात, बहुधा तिथेच घोटाळा होत असावा. ही कांजी ‘ओन्ना’, म्हणजे ‘स्त्री’ या कांजीशी जोडलेली आहे. तिच्या प्राचीन रूपात गुडघे टेकून बसलेली स्त्री दिसते आणि आतले दोन ठिपके हे तिचे स्तन, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. तिच्या उभ्या बाजू खाली येताना किंचित डावीकडे झुकतात. तो झुकाव राखला की ताठपणा जातो.

पहिली रेषा वरून निघून डावीकडे झुकत खाली येते आणि हात न उचलता उजवीकडे वळून तळाची बाजू पूर्ण करते. दुसरी रेषा पहिलीच्याच आरंभापासून उजवीकडे जाते, कोपऱ्यावर वळून खाली उतरते, तळाची रेषा ओलांडते आणि डावीकडे छोटासा आकडा घेऊन थांबते. त्यानंतर वरचा ठिपका, मग खालचा ठिपका, आणि सर्वांत शेवटी त्या दोहोंमधून जाणारी आडवी रेषा, जी दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर आली पाहिजे. माझ्या मते सगळे सौंदर्य या पाचव्या रेषेत आहे. ती आखूड पडली की आकृती आक्रसते, आणि आत्मविश्वासाने लांब ओढली की बाकीच्या रेषांतला थोडा उणेपणाही झाकला जातो. ‘ओन्ना’ कांजीतही आडवी रेषा शेवटचीच असल्यामुळे आधी तिचा सराव केल्यास हाताला तोच क्रम सहज लागतो. मधोमध तुटक रेषा असलेल्या चौकटींची वही वापरावी आणि अक्षर मोठे काढावे, कारण लहान आकारात झुकाव नीट दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘प्रत्येक’ या अर्थाच्या कांजीचा खालचा भाग असाच दिसतो, पण आजच्या जपानी रूपात तिथे दोन ठिपक्यांऐवजी एकच उभी रेषा असते.

वाचनवेडी

वाचने सुटी पाठ करू नयेत, शब्दांबरोबर घ्यावीत. कांजी एकटी असेल तेव्हा ‘हाहा’. परक्या माणसाशी स्वतःच्या आईविषयी बोलताना हाच शब्द वापरतात. दुसऱ्याच्या आईचा उल्लेख करताना, तसेच आपल्याच आईला हाक मारताना ‘ओकाआसान’ म्हणतात. यातला ‘काआ’ हा उच्चार कांजीच्या नेहमीच्या वाचनांत मोडत नाही. जपानमधील अधिकृत जोयो, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या, कांजींच्या यादीत अशा शब्दांसाठी वेगळे परिशिष्ट आहे आणि हा शब्द तिथे दिलेला आहे. म्हणून तो अखंड शब्द म्हणूनच लक्षात ठेवावा. ‘बो’ हे वाचन मुख्यतः जोडशब्दांत येते: ‘सोबो’ म्हणजे आजी, ‘फुबो’ म्हणजे आईवडील, ‘बोकोकू’ म्हणजे मातृभूमी, ‘बोगो’ म्हणजे मातृभाषा. एवढे चार शब्द आले की ‘बो’ निराळे घोकावे लागत नाही.

रेषामित्र

क्रमाबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये रेषाक्रमाची मार्गदर्शिका काढली आणि पाठ्यपुस्तकांतला क्रम मुख्यतः तिच्यावरूनच आला. परंतु तिच्यात न दिलेला प्रत्येक क्रम चुकीचाच, असे तिनेही म्हटलेले नाही. त्यामुळे क्रम चुकला म्हणून निराश होऊ नये. तरीही नवशिक्याने प्रचलित क्रमच शिकावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण भराभर लिहिताना रेषा एकमेकींना कशा जुळतात हे त्या क्रमावरच ठरते आणि इतरांचे जलद हस्ताक्षर वाचतानाही त्याचा उपयोग होतो.

नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. पाचवी रेषा लांब ओढल्यावर आकृतीत खरोखरच फरक पडला. यानंतर कोणती कांजी घ्यावी?

बोरू

वडील, मोठा भाऊ, धाकटा भाऊ, मोठी बहीण आणि धाकटी बहीण या पाचही कांजी ‘आई’सोबतच जपानी शाळेत दुसरीला शिकवतात, म्हणून याच गटात राहावे. वडिलांची कांजी चारच रेषांची आहे. त्यानंतर दोन्ही बहिणी घ्याव्यात. दोन्ही आठ रेषांच्या असून दोहोंच्या डाव्या बाजूला ‘ओन्ना’च असते, फक्त तिथे ती अरुंद होते आणि तिची आडवी रेषा तिरपी वर चढते. धाकट्या बहिणीच्या कांजीत उजवीकडच्या दोन आडव्या रेषांपैकी वरची आखूड आणि खालची लांब ठेवावी.