मदत हवी आहे: लढाईवरून आलेला दादा घरात रुळत नाहीये, त्याला उपचारांसाठी कसं तयार करू?

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ पायदळात होता. बरीच वर्षं थेट चकमकींच्या भागात काढली. गेल्या वर्षी रिटायर होऊन घरी आला. आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा. पण तो अजून तिकडेच आहे असं वाटतं. गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला बेवारस पिशवी किंवा ताजी उकरलेली माती दिसली की काही न बोलता गाडी मधोमध घेतो आणि वेग वाढवतो. मागे मुलं बसलेली असतात. कुठेही गेलो तरी भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड, अशीच जागा लागते. झोपेत ओरडतो. एकदा वहिनी हलवून उठवायला गेली, तर त्याने तिचं मनगट असं पिरगाळलं की दुसऱ्या दिवशी सुजलं होतं. जागा झाल्यावर त्याला काहीच आठवेना. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो आणि मुलांना फारसं जवळ घेत नाही.

नोकरी लागली होती, तीही सोडली. "तिथे कुणाला कशाचं काही पडलेलं नाही," एवढंच म्हणाला. मला ते पटतं. पलटणीत एकाच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव जायचा, इथे सगळं 'बघू, करू'. पहाटेपासून रात्रीपर्यंत आखलेला दिवस गेला, जिवाला जीव देणारी माणसं गेली, हुद्दा गेला. हे सगळं एकाच दिवशी सुटणं त्याला गोळीबाराच्या आठवणींइतकंच छळत असावं असं मला वाटतं, आणि घरात यावर कुणीच बोलत नाही.

डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतो, "मी काय वेडा आहे? आमच्या आधीचे लढले, त्यांना कुठे काय झालं?" झालं होतं की! पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणायचे. ब्रिटनने तेव्हा पळून जाणं, भित्रेपणा असल्या आरोपांखाली आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना २००६ साली माफी दिली. त्यातले काही तरी नक्कीच आजारी असणार. पीटीएसडी, म्हणजे अशा आघातानंतर जडणारा मानसिक आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत यायला १९८० साल उजाडलं. हे सगळं मी वाचलंय, पण त्याच्यासमोर बोलायला गेले की शब्द फुटत नाहीत.

त्याचा मान न दुखावता विषय कसा काढू? रात्री वहिनीने काय करावं? आणि उपचार म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्याच का? दारू वाढली आहे, त्याचीही धास्ती वाटते. यातून गेलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः फौजेतून आलोय आणि उपचार घेतलेत, म्हणून लिहितो.

आधी रात्रीचं. झोपेत ओरडायला लागला तर हात लावू नका. वहिनींना सांगा, पलंगापासून लांब उभं राहून नावाने हाक मारायची, दिवा लावायचा, "तू घरी आहेस" असं सांगायचं. पूर्ण जागा झाल्यावरच जवळ जायचं. तो वेगळा झोपतो ते माया आटली म्हणून नाही, स्वतःच्या हातांची भीती बसली म्हणून. हे मुलांनाही त्यांना कळेल अशा शब्दांत सांगा.

'तुला आजार आहे' म्हणू नका. झोपेपासून सुरुवात करा. झोप लागत नाही हे कबूल करायला फौजी माणसाला कमीपणा वाटत नाही. आणि शक्य असेल तर पलटणीतल्या कुणा जुन्या सोबत्याला बोलवा. घरच्यांनी वर्षभर सांगून न पटलेलं तो एका बैठकीत पटवतो. माझ्या बाबतीत तेच झालं.

उपचार म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. आघातावर थेट काम करणारं समुपदेशन असतं. टाळत आलेल्या आठवणीला सुरक्षित जागी, हळूहळू सामोरं जायचं, किंवा 'माझ्यामुळेच तो गेला' अशा विचारांची नीट तपासणी करायची. ईएमडीआर ही अजून एक पद्धत, त्यात आठवण मनात धरून डोळे ठरावीक तऱ्हेने हलवायला लावतात. सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो, तिथेच पुष्कळ जण सोडतात, तेवढं धरून ठेवा. औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांसारखी देतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलाम वर्गातल्या, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं, त्यामुळे त्या मनाने सुरू करू नका. चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा. दारूबरोबर तर त्या जिवावर बेततात. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते आणि स्वप्नं जास्त पडतात.

आता थेट विचारतो. त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा येतो का? घरात हत्यार आहे का?

धागाकर्ती

हत्यार आहे, परवान्याचं. आणि "माझ्या जागी तो गेला" असं दारू प्यायल्यावर म्हणतो. जगण्याबद्दल विचारायची भीती वाटते, उगाच त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल.

प्रतिसाद १

विचारल्याने डोक्यात भरत नाही ताई. मन मोकळं व्हायला वाटच मिळते. शांतपणे, सरळ विचारा: "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, झोपेच्या निमित्ताची वाट बघू नका.

हत्यार मात्र आधी बाहेर काढा, 'असं काही मनात येत नाही' म्हणाला तरी. लपवून ठेवू नका, त्याला कळलं तर विश्वास जाईल. प्यायलेला नसताना बोला: "झोप नीट होईपर्यंत हे घरात नको." फौजी माणसाला हत्यार जमा करणं नवीन नाही. कुठे जमा करता येतं ते परवाना देणाऱ्या कचेरीत विचारा, आणि जमा करायला शक्यतो त्या सोबत्यालाच बरोबर न्या.