कॉलेजच्या गावात कृषी मंडळ आणि प्रयोगबाग: काढावी की नको?

नांगरफाळ:
आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. सीनिअर कॉलेजमागे दीड एकर काळी जमीन कुंपण घालून पडीक आहे. शेतकरी, प्राध्यापक आणि पोरं मिळून कृषी मंडळ नोंदवावं, तिथे प्रयोगबाग करावी, असं मला वाटतं. कल्पना जुनीच आहे. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने 1820 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून (नगरकडचं नव्हे) कृषी मंडळाचं पत्रक काढलं आणि कलकत्त्यात मंडळ उभं केलं. श्रीरामपूरचं त्याचं कॉलेज 1818 चं, आणि तिथेच पाच एकरांची त्याची स्वतःची बाग. एतद्देशीयांना सभासद आणि पदाधिकारी होण्याचा युरोपियनांइतकाच हक्क, हे त्या पत्रकातच होतं. 1805 ला मराठीचं व्याकरण छापणारा तो हाच. त्याला जमलं, आपल्याला का जमू नये?

बारमाही:
केरी राहू द्या, मे महिन्यात पाणी कोण पाजणार ते सांगा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला पुढच्या वर्षीची दिवाळी उलटते. लागण करणारी पोरं तोवर पुण्यात. ऐन उन्हाळ्यात कॉलेजला कुलूप. अशी एक बाग बघितलीय मी: ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या, आणि तपासणीची कमिटी येणार म्हटलं की भाड्याच्या कुंड्या.
आणि केरीचं सांगायचं तर पुरतं सांगा. 1823 च्या दामोदर नदीच्या पुरात बाग धुऊन गेली, परत उभी राहिली ती तो तिथेच राहत होता म्हणून. शेवटच्या आजारात त्याला घोर होता की आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गुरं सोडील. एका माणसाच्या जिवावर चाललेली बाग ती.

शिवारफेरी:
बारमाहींना अनुमोदन. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात गारगोटी आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठात श्रीपाद दाभोलकर होते, गणिताचे माणूस. त्यांच्या प्रयोग परिवारात प्रयोग ज्याच्या त्याच्या रानात व्हायचा, अनुभव एकमेकांना कळवायचे. तासगावची द्राक्षं त्यातून कुठल्या कुठे गेली. कुंपणातल्या बागेपेक्षा हे बरं.

नांगरफाळ:
ज्याच्या त्याच्या रानात म्हणजे फसलं तर ज्याच्या त्याच्या खिशातून. द्राक्षवाल्याला झेपलं असेल, दोन एकर उसावर सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्याने काय करायचं?
दुसरं असं की स्वतःच्या रानात कुणी पट्टा मोकळा सोडत नाही. दुकानदार टॉनिकची बाटली देतो, आपण सगळ्या उसावर मारतो. ऊस साधला तर गुण बाटलीचा की पावसाचा? बागेत 86032 या जातीच्या उसाचा एक गुंठा, 33 बाय 33 फूट, बिनटॉनिकचा ठेवायचा, शेजारचा टॉनिकचा. खत, पाणी सारखं. तोडणीला दोन्ही वेगळे तोलायचे. गुंठ्याला 100 किलोचा फरक म्हणजे एकरी 4 टन. तेवढाही निघाला नाही तर दुकानदाराचं पितळ गावासमोर उघडं.

वाफसा:
एकेका गुंठ्यावर काही ठरत नाही हो. एक कोपरा चुनखडीचा, दुसरीकडे पाणी साचतं. दोन्ही प्रकार निदान चार-चार ठिकाणी घ्या आणि कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. बांधाकडच्या सऱ्या वजनात धरू नका, कडेच्या उसाला ऊन जास्त मिळतं. एवढं करणार असाल तर बागेच्या बाजूने मी. रानोमाळ प्रयोग करून हे सांभाळता येत नाही. पोरं वजनं घेतील, उलट पोरांना तेच शिकवायचंय.

चावडी:
नोंदणीला सात माणसं लागतात. सात मिळतील, अध्यक्षपदाला सातहीजण उभे राहतील. खरा प्रश्न जागेचा. जमीन संस्थेच्या नावावर, उद्या संचालक मंडळ बदललं की तिथे पार्किंग. आधी निदान दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, मग मंडळ.

नांगरफाळ:
करार मान्य. मे महिन्यासाठी गावातला एक माणूस पगारी ठेवू, उसाच्या पैशातून.

बारमाही:
ऊस तुटेपर्यंत त्याला पगार कशातून? आणि कारखान्याचं बिल कॉलेजच्या खात्यावर येणार की मंडळाच्या? एवढं लिहून द्या, मग वर्गणीची पावती फाडतो.