सहकुटुंब समुद्रकाठची पायपीट : कुठे, कोणत्या तिथीला, किती वेळ?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर घरच्यांना घेऊन दिवसभर चालायचं तर "मस्त आहे, नक्की जा" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. आजी-आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलं बरोबर असताना लागणारी माहिती वेगळी असते. पट्टा कुठून कुठपर्यंत, पाणी कधी आत असतं, मध्येच थकलं कोणी तर बाहेर कुठे पडता येतं, काय बिघडतं आणि का? जाणकारांनी तेवढंच लिहावं. (खालच्या प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.) फोटो आणि सुरमईच्या थाळीची वर्णनं दुसरीकडे चालतील.

भांग-उधाण

आधी "ओहोटी किती वाजता" ते काढा, किलोमीटर नंतर मोजा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब. तासभर मागेपुढे होतं, म्हणून आदल्या दिवशी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक पाहून पक्कं करा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे मागच्या शनिवारी कोणाला मिळालेली वेळ या शनिवारी चालत नाही.

या हिशोबातून निघणारी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणून पाणी सर्वांत खाली नेणारी ओहोटी आपल्याकडे सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच मिळते. भर दुपारी ओहोटी आली तर ती अष्टमीच्या भांगाची. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, त्या दिवशी पाणी फारसं हटतच नाही. सहकुटुंब सकाळच्या चालीला द्वितीया ते चतुर्थी धरा. ओहोटी सव्वासात ते नऊच्या दरम्यान येते. तिच्या दीड तास आधी निघायचं आणि नंतरच्या दीड तासात वाळू सोडायची.

दुसरं, मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्यात जेमतेम दोन. अलिबागला तासाभरात नाहीशी होणारी पुळण (वाळूचा किनारा) गोव्यात दिवसभर उघडी राहू शकते.

आक्षीकडची

मुंबईहून सकाळची लाँच पकडून अलिबागसमोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला चालत करायचा बेत असेल तर वरचा हिशोब लावून बघा. मांडव्याला उतरून बसने अलिबागला येईपर्यंत दहा-साडेदहा होतात. त्या वेळेला ओहोटी पाहिजे म्हणून पंचमी-षष्ठी निवडली तर ती भांगाकडे झुकलेली. वाट पूर्ण उघडत नाही, मधल्या पट्ट्यात पाणी राहतं आणि घोडागाडी करावी लागते. त्यापेक्षा द्वादशी-त्रयोदशी बघा. ओहोटी तीन ते चारच्या दरम्यान येते, पाणीही बऱ्यापैकी हटतं. आधी जेवून घ्या, ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याकडे निघा, आत पाऊण-एक तास. सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याचा तलाव आणि उत्तरेच्या टोकाचा सर्जेकोट तेवढ्यात होतो. मांडव्याहून परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे सकाळी तिकीट काढतानाच विचारा. पावसाळ्यात लाँच बंद असतात.

इथे एक गोष्ट फसवते. भरती फक्त समोरून येत नाही. किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी पाणी भरतं आणि मधली वाट आधी बुडते. किल्ल्याजवळ वाळू कोरडी दिसते म्हणून थांबलेली माणसं तिथेच अडकतात. तसं झालं तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा.

ज्यांना किल्ला नको, नुसतं चालायचंय, त्यांनी आक्षी ते नागाव करावं. पुळण सपाट, ओहोटीला लांबरुंद, मागे सुरूचं बन. आक्षी गावात शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. वळसा लहान आहे, मुलांना आवर्जून दाखवा.

खडप

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेबद्दल. देवळांच्या मागून टेकडीवर पायऱ्या चढतात, मग दोन कातळांच्या फटीतून उभ्या पायऱ्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातळाचा ओटा आहे, त्यावरून वळसा घालत परत यायचं. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कातळाला जाळीसारखी छिद्रं पडली आहेत. सावकाश एक तास धरा.

हा ओटा ओहोटीलाच चालण्याजोगा असतो. बिघडतं ते असं: वरून समुद्र शांत दिसतो, पाच-सात मिनिटं काही होत नाही आणि मग एखादी मोठी लाट सबंध ओट्यावरून फिरते. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून उतरण्याआधी वर थांबून दहा मिनिटं बघा. त्या वेळात ओट्याचा जो भाग एकदाही भिजला, तो बंद समजा. हिरवं शेवाळ दिसतं तरी, काळं पातळ शेवाळ ओल्या कातळासारखंच दिसतं आणि घसरून पडतात ते त्याच्यावरच. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांच्या माथ्यावरून समुद्र बघावा. उतरणं जमतं, पण वळसा मध्ये सोडून परत फिरायचं तर त्याच उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

हेदवीची बामणघळ (कातळातली चिंचोळी फट) याच्या उलट. तिथे पाणी उसळताना बघायचं तर भरतीच हवी. लांब उभं राहून बघा, कडेचा कातळ कायम ओला असतो.

सुरूबन

ज्येष्ठांना घेऊन जायला गुहागरसारखी जागा नाही. सहा किलोमीटरच्या आसपास सरळ पुळण, आणि गाव तिला समांतर वसलेलं. वरचा पाट ते खालचा पाट मुख्य रस्त्यावरून समुद्राकडे जागोजागी पाखाड्या (अरुंद पायवाटा) उतरतात. दमलं कोणी की वाडीतून पाच-दहा मिनिटांत रस्त्यावर, तिथून रिक्षा. बाकीचे चालत राहू शकतात. आरे-वारेचं दृश्य कितीही देखणं असो, ही सोय तिथे नाही.

चालण्याबद्दल. पाय टेकल्यावर वाळूची चमक क्षणभर जाते आणि परत येते, तो पट्टा सर्वांत घट्ट. तिथे मुलांसकट ताशी अडीच-तीन किलोमीटर होतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याच्या निम्मे, आणि पोटऱ्या भरून येतात ते वेगळंच. पुळण पाण्याकडे कललेली असते, त्यामुळे एकाच दिशेने चालताना एक पाय सतत खाली पडतो. गुडघा आणि कंबर त्यानेच धरते. गेल्या वाटेने परत आलं की कल उलटा होतो, म्हणून गुडघेवाल्यांनी एकमार्गी सहा किलोमीटरपेक्षा तीन जाऊन तीन परत यावं. काठीला खाली रुंद रबरी बूच हवं, टोकदार काठी रुतते.

बूट भिजले की आतली वाळू पायाला सोलते. मागे पट्टा असलेल्या सँडल बऱ्या. अंगठ्याच्या चपला ओल्या वाळूत निसटतात, आणि खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या.

तर-उतार

वाटेत वहाळ (ओढा) किंवा खाडीचं तोंड आडवं आलं तर लोक अरुंद जागा शोधतात, तेच चुकतं. पाणी तेवढंच, पात्र अरुंद, म्हणजे तिथे खोली आणि ओढ जास्त. पसरट, तळाची वाळू दिसणारी, वर बारीक लाटा उठलेली जागा निवडा. मुलांच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पुलाने फिरून जा. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत सरका, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच हलतं. आणि ओहोटी उलटल्यावर हीच जागा परतताना मिळणार नाही, हे धरूनच ओलांडा.

पाण्यात खेळण्याबद्दल: गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागर इथे उतार एकदम आहे. लाटा फुटत असताना मध्येच एखादी पट्टी गडद आणि शांत दिसते. मुलांना तिथेच न्यावंसं वाटतं, पण पाणी परत ओढलं जातं ते त्याच पट्टीतून. सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर आडवं सरकावं.

डबेवाली काकू

पाणी: मोठ्यांना दीड ते दोन लिटर, मुलांना एक, चार तासांसाठी. किनाऱ्यावर शहाळी मिळतील या भरवशावर राहू नका, सकाळी सातला कोणी नसतं. कोकम सरबताचा आगळ छोट्या बाटलीत, चिमूट मीठ-साखर वेगळी.

डबा दोन भागांत. निघताना घावन किंवा आंबोळी, चालताना दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे. ओली नारळाची चटणी नको, उन्हात दोन-तीन तासांत आंबते. सुकी लसणीची चटणी न्या. कडीचा स्टीलचा डबा हवा, कागदी ताटल्या वाऱ्याला राहत नाहीत. सकाळी वारा जमिनीकडून असतो, अकरानंतर समुद्राकडून जोरात सुटतो आणि त्याच्याबरोबर वाळू. म्हणून खायला बसायचं ते अकराच्या आत, नाहीतर थेट सुरूच्या आडोशाला.

स्वच्छतागृहाचा विषय कोणी काढला नाही! पुळणीवर काही नसतं. देवस्थानाचं भक्तनिवास किंवा जेवण सांगितलेलं घर हा टप्पा मध्यावर येईल असा बेत आखा. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं, माणसं मोजून.

पेडण्याकडचा

गोव्यात हरमल-मांद्रे-आश्वे-मोरजी हा पट्टा चालायला उत्तम, मध्ये छोटी खाडी आहे. उलट दक्षिणेला माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का, मोबोर अशी सलग सपाट पुळण. ढकलगाडीतलं मूल असेल तर दक्षिण घ्या, ओहोटीला चाकं रुतत नाहीत. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये जीवरक्षकांचं लक्ष असतं.

मोरजी, वेळास, आंजर्ले इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. रात्री किंवा पहाटे टॉर्च लावून फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात. कुंपण घातलेल्या जागेच्या अलीकडून जा.

भांग-उधाण

एक राहिलं. पाकटाचा काटा लागला तर जखम सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. पाण्याचा अंदाज दुखऱ्या पायाने घेऊ नका, दुसऱ्या माणसाने हात घालून बघावा. काटा खोल असेल तर उपसू नका, दवाखान्यात जा. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जीव वाळूत पडलेले दिसतात, ते मेलेले असले तरी त्यांचे धागे डसतात. डसलंच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुऊन, चिमट्याने किंवा पिशवी हाताला गुंडाळून धागे काढा, मग गरम पाणी. थर्मासमध्ये चहाऐवजी नुसतं गरम पाणी नेलं तर दोन्हींना उपयोगी पडतं. चहाची पुडी वेगळी न्या.

खडप

आणि गाडी पुळणीवर उतरवू नका. ओहोटीला घट्ट वाटणाऱ्या वाळूखाली पाणी असतं, चाक जागेवर फिरलं की आस टेकेपर्यंत जातं. मग भरतीच्या आत ट्रॅक्टर मिळवायचा, रविवारी.