मदत हवी आहे: ही रुडबेकियाच आहे का? फुलाचा दांडा का येत नाही?

बेळगावात टिळकवाडीत राहतो. जूनमध्ये ‘ब्लॅक आयड सुझन’ लिहिलेलं बियांचं पाकीट आणलं. या नावाने दोन वेगळी झाडं मिळतात: थनबर्जियाचा नारिंगी फुलांचा वेल, आणि रुडबेकिया, पिवळ्या पाकळ्या नि मधे काळपट तपकिरी बोंड. मला रुडबेकियाच हवी होती. उगवलं ते वेल नाही, एवढं नक्की. पानं लांबट, जमिनीलगत गोलाकार पसरलेली, खरखरीत लव. बोट फिरवलं की मांजराची जीभ लागल्यासारखं वाटतं. पण दसरा झाला तरी दांडा नाही.

पावसात खालच्या पानांवर काळे ठिपके आले होते. ती पानं काढली, रोपं फूटभर अंतरावर लावली, पाणी सकाळी फक्त बुडाशी घालतो. ठिपके थांबले. तांबडी माती, थोडं शेणखत, ऊन दुपारी एकपर्यंत. रासायनिक औषध नको, शेजारच्या आंब्यावर मधमाश्यांचं पोळं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणी ही लावली आहे का? फूल नसताना गॅलार्डियापासून ती वेगळी कशी ओळखायची? आणि फुलं दुसऱ्या वर्षीच येणार असतील, तर पुढच्या पावसाळ्यात रोपं कुंडीत काढावीत की जमिनीतच राहू द्यावीत?