बॉक्सिंग खरंच मऊ झालंय का? आजोबांचा आणि माझा वाद

मांडवीचा_नातू
नमस्कार मंडळी. आमच्या घरी दर रविवारी हा एकच वाद रंगतो. आजोबा ८४ वर्षांचे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात त्यांनी लहानपणी जोर-बैठका काढल्या. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नेऊन मला गामा पहिलवानाने उचललेला दगड दाखवला तोही त्यांनीच. त्यांचं म्हणणं, जुने बॉक्सर पंधरा राउंड लढायचे, आताचे बाराच लढतात, तेही वर्षातून एकदा, आणि कोट्यवधी घेऊन घरी जातात.

मी म्हणतो, अहो आजोबा, तुमचा पन्नासच्या दशकातला जगज्जेता मार्सियानो ८५ किलोच्या आसपासचा. आज तो हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटात, धरलाच जाणार नाही, खालच्या गटात लढेल. २०२४ मध्ये युक्रेनच्या उसिकने ज्या टायसन फ्यूरीला हरवलं तो ११८ किलोच्या घरातला, आणि एवढं शरीर घेऊन बारा राउंड पायांवर नाचत होता.

ज्यांनी स्वतः ग्लोव्ह घातलेत त्यांनी सांगा, खरं काय?

अलकापुरी_७१
मला खटकतो तो पट्ट्यांचा, म्हणजे चॅम्पियनला मिळणाऱ्या बेल्टांचा बाजार. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी तीन वजनगटांची जेतेपदं होती, आणि तेव्हा मानलेले वजनगटच आठ. आज सतरा गट, वर चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचा चॅम्पियन वेगळा. हेवीवेटचे चारही पट्टे एकाच्या कमरेला दिसायला २०२४ साल उजाडावं लागलं. आजोबांना माझा पाठिंबा.

प्रतापनगरचे_काका
बाळा, मी प्रोफेशनल नव्हतो. रेल्वेकडून सात वर्षं हौशी बॉक्सिंग केलं, तीन राउंडवालं. पण त्या काळात हाती पडेल ते मासिक वाचून काढायचो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

मऊ झालंय असं मी म्हणणार नाही. शिकायची जागा बदलली. १९४३ चा फेब्रुवारी घे. ५ तारखेला शुगर रे रॉबिन्सन डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून हरला, कारकिर्दीतला पहिला पराभव. १९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याशी लढला नि जिंकला. २६ ला परत डेट्रॉइट, समोर परत लामोटा, आणि या खेपेला रॉबिन्सन जिंकला. तीन आठवडे! अंगावरचे वळ उतरायच्या आत तो चूक सुधारून परत उभा. आणि आपल्या काळातले दोन बडे बॉक्सर, मेवेदर-पॅकियाओ? २००९ पासून नुसती बोलणी, लढत झाली २०१५ च्या मे मध्ये. तोवर दोघांचीही उमेदीची वर्षं मागे पडली होती. रॉबिन्सन आयुष्यात दोनशेच्या आसपास लढती लढला, मेवेदर पन्नास. दमलेला असताना, कपाळ फुटलेलं असताना काय करायचं, हे जुना माणूस रिंगणातच शिकायचा. ते सरावात शिकवता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पण पंधराचे बारा झाले त्याबद्दल आजोबांनी हळहळू नये. नोव्हेंबर १९८२, लास वेगास. कोरियाचा डुक कू किम रे मॅनसिनीसमोर चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला. २३ वर्षांचं पोर. त्यानंतर एका संघटनेने बारा राउंड केले, बाकीच्यांनी पुढच्या काही वर्षांत तेच केलं. मनिलात १९७५ मध्ये मुहम्मद अलीसमोर चौदा राउंड झाल्यावर जो फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते. त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला पंधराव्याला उठूच दिलं नाही. अलीशी लढत, जगाचं जेतेपद, उरलेली तीन मिनिटं, आणि तरी त्यांनी थांबवलं. माझ्या लेखी तो बॉक्सिंगमधला सगळ्यात मोठा निर्णय. हेच फच तरुणपणी पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जो लुईबरोबर सराव करायचे. पुढे फ्रेडी रोच त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि रोचने पॅकियाओला घडवलं. आपल्या तालमीत वस्तादाची विद्या चालत येते तशीच ही. ती तुटली तर मात्र आजोबांइतकंच मलाही दुःख होईल.

मला भीती वाटते ती वजनाची. आमच्या वेळी सकाळी काट्यावर आणि संध्याकाळी रिंगणात. एकदा मी दीड किलो जास्त भरत होतो. मे महिन्यात दोन स्वेटर घालून यार्डाभोवती धावलो, दिवसभर घोटभरही पाणी प्यायलो नाही. वजन उतरलं. दुसऱ्या राउंडला समोरच्याचा ठोसा येताना दिसत होता, पण मान हलवायला शरीर तयार नव्हतं. तो क्षण अजून आठवतो. आता प्रोफेशनलमध्ये आदल्या दिवशी वजन करतात. पोरं सगळं पाणी काढून काट्यावर चढतात आणि रात्रभरात कित्येक किलो परत भरतात. कोरडा पडलेला मेंदू एका रात्रीत सावरतो, हे मला पटत नाही.

वारसियातली_आई
काका, बायकांचं राहिलं. माझी लेक चौदा वर्षांची, रोज पहाटे सरावाला जाते, म्हणून मी हे बघायला लागले. एप्रिल २०२२ मध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत लढल्या. तिथे बॉक्सिंगची मुख्य लढत बायकांची असण्याची ती पहिलीच वेळ. तरी राउंड दोन-दोन मिनिटांचे, आणि दहाच. पुढच्या वर्षी सेरानो हट्टाने पुरुषांसारखे तीन मिनिटांचे बारा राउंड लढली आणि जिंकली. हा बदल आजोबांना नक्की सांगा.

मांडवीचा_नातू
सगळं वाचून दाखवलं. रॉबिन्सनच्या तीन आठवड्यांवर आजोबांनी मांडीवर थाप मारली, किमचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांना विचार, तेव्हाचे ग्लोव्ह कसे होते?

प्रतापनगरचे_काका
आत घोड्याचे केस असायचे, आतासारखा फोम नाही. सात-आठ महिने वापरले की केस दबून बाजूला सरकायचे, आणि बोटांच्या गाठींवर नुसतं चामडं उरायचं. मारणाऱ्यालाही लागायचं. माझी जोडी अजून ट्रंकेत आहे. रविवारी सकाळी घेऊन येतो, आजोबांना हात घालून बघू दे. पत्ता खाजगी निरोपात पाठव.