मधुमेह नाही, तरी साखर उतरते: तुमचे अनुभव सांगा

मधुमेह असलेल्याची साखर उतरली तर काय करायचं, हे आता बहुतेक घरांत माहीत असतं. मधुमेह नसलेल्याची उतरली तर मात्र कुणाचा विश्वासच बसत नाही. सासूबाई म्हणतात पित्त खवळलंय, स्टाफरूममध्ये म्हणतात टेन्शन घेऊ नका, आणि डॉक्टर उपाशीपोटीचा जुना रिपोर्ट बघून म्हणतात, ‘साखर तर छान आहे.’ छान असणारच. त्रास होतो न्याहारीनंतर अडीच-तीन तासांनी, आणि तपासणी झालेली असते उपाशीपोटी.

माझं असंच होतं. मी सांगलीत शिक्षिका आहे. सकाळी पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा घेऊन निघायचं, आणि तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. मानेवर घाम, छातीत धडधड, आणि ज्या पोरांवर कधी आवाज चढवला नाही त्यांच्यावर खेकसणं. मोठ्या दवाखान्यात शेवटी जेवणाची चाचणी झाली: नेहमीची न्याहारी द्यायची आणि पुढचे पाच तास दर अर्ध्या तासाला रक्त घ्यायचं. तिसऱ्या तासाला हात थरथरायला लागले तेव्हा साखर ५१ होती. आता पोह्यांऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक भाकरी खाते, चहा बिनसाखरेचा, आणि मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे. त्रास पूर्ण गेला नाही, पण वर्गात हात थरथरत नाहीत.

लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. जेवणानंतर किती वेळाने होतं? त्याच वेळी साखर मोजली होती का? काही खाल्ल्यावर किती वेळात बरं वाटलं? डॉक्टरही हेच विचारतात. व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात या तीन अटी घातल्या, त्या अजून चालतात: लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली साखर कमी हवी, आणि साखर वर आली की लक्षणं जायला हवीत. मधुमेह नसलेल्यांत ‘कमी’ म्हणजे साधारण ५५ च्या खाली. ७० हा इशाऱ्याचा आकडा मधुमेहींसाठी आहे, तो आपल्याला लावून घाबरू नये.

पुणे, आयटीत नोकरी

तो ७० चा आकडा मला फार महागात पडला. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी दंडावर साखरेचा सेन्सर लावला म्हणून मीही लावला. रात्री दोनला फोन बोंबलायचा: ६१, ५८. बायको साखरपाणी घेऊन उभी. मला घाम नाही, थरथर नाही, फक्त झोपमोड. मग एकदा बोटातून मोजली तर ९०. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कुशीवर झोपता? डाव्या. सेन्सरही डाव्या दंडावर. अंगाखाली दाबला गेला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो म्हणे. उजव्या दंडावर लावल्यापासून रात्री शांतता आहे. लक्षण नसताना आलेल्या आकड्यामागे धावायचं नाही, एवढं मी शिकलो.

सोलापूर, गृहिणी

माझा त्रास उपासाच्या दिवशीचा. गंमत म्हणजे निर्जळी हरितालिकेला काही होत नाही, एकादशीला होतं! सकाळी साबुदाण्याची खिचडी भरपेट, वर केळं, वर गोड चहा. बाराच्या सुमाराला हातपाय गळून जातात, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात खड्डा पडतो. मग परत खिचडी, आणि तिन्हीसांजेला परत तेच. मुलीने गावाला आल्यावर मीटरवर मोजली: ५४. तिचं म्हणणं, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत; साखर झपकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन धावून येतं आणि गरजेपेक्षा जास्त काम करून बसतं. आता खिचडी अर्धी वाटी, दाण्याचं कूट दुप्पट, सोबत वाटीभर दही. दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी. उपास मोडत नाही आणि मीही मोडत नाही.

नाशिक

माझा छोटाच प्रश्न. उपाशीपोटी ९४, जेवणानंतर दोन तासांनी ८१. उलटं कसं? त्रास काहीच नाही. लॅबवाला म्हणाला, ‘दाखवून घ्या.’ तेव्हापासून झोप नाही.

धागा सुरू करणारी

नाशिककर, त्रास नाही ना, मग झोपा. दोन तासांत साखर उपाशीपोटीच्या आकड्याखाली येणं बऱ्याच निरोगी माणसांत दिसतं. जेवण कमी घेतलेलं असलं किंवा लॅबपर्यंत चालत गेलेलं असलं तर आणखीच.

नागपूर

हा अनुभव माझ्या आईचा आहे, आणि इथे सगळ्यांनी वाचावा असा आहे. आईला फक्त बीपी, बाबांना मधुमेह. दोघांच्याही गोळ्या फ्रिजवरच्या एकाच डब्यात. एका सकाळी आई देवपूजा करता करता काहीतरी बरळायला लागली, मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, कपडे घामाने चिंब. शेजारच्या काकूंना वाटलं पॅरालिसिस. बाबांचं मीटर होतं म्हणून मोजली: ३८. साखरपाणी पाजलं तशी दहा मिनिटांत उठून बसली, मलाच विचारते, ‘काय झालं बा तुले?’ सगळे हसले. तासाभराने परत तेच.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला: ‘घरात मधुमेहाच्या गोळ्या कोण घेतं?’ डबा मागवला. बीपीच्या गोळीच्या जागी बाबांची ग्लिमेपिराइड गेली होती, दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या. ही गोळी स्वादुपिंडाला तासन्‌तास इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे साखर दिली की चढते आणि पुन्हा कोसळते. म्हणून बरं वाटलं तरी घरी सोडत नाहीत. ग्लुकोजचं सलाईन लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं, दर तासाला बोट टोचून. आता बाबांचा डबा लाल, आईचा पांढरा, आणि ते दोन्ही दोन वेगळ्या खोल्यांत.

ठाणे

माझं वजनाचं ऑपरेशन झालं आहे, गॅस्ट्रिक बायपास. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी लग्नात जिलबी खाल्ली आणि दीड-दोन तासांनी मांडवातच कोसळले. बायपासनंतर अन्न लहान आतड्यात धाडकन उतरतं, आणि ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर हा त्रास सुरू होणं नेहमीचं आहे, हे मला तेव्हा कळलं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं चालतं: दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, ताटातलं अंडं-पनीर-डाळ आधी आणि पोळी-भात नंतर, जेवताना पाणी नाही, गोड फक्त जेवणानंतर आणि तेही चमचाभर. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अ‍ॅकार्बोजची गोळी आहे. तिने पोटात वारा धरतो. चारचौघांत अवघड होतं, पण मांडवात पडण्यापेक्षा बरं.

एक सूचना: अ‍ॅकार्बोज घेणाऱ्यांनी साखर उतरली तर नेहमीच्या साखरेवर भिस्त ठेवू नये. ही गोळी साखर फोडण्याचं कामच मंदावते. अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी.

कोल्हापूर

माझी शुगर नव्हतीच राव! सगळ्या तालमीत बोभाटा, ‘ह्याची शुगर लो हुती.’ थरथर, घाम, छाती धडाधडा, खा-खा भूक, वर वजन घटलेलं. खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. भावाच्या मीटरवर ऐन थरथरीत बघितलं तर ९२. दुसऱ्या खेपेला १०४. मग डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. थायरॉइड वाढलेलं. औषध सुरू झालं, थरथर गेली. ऐन त्रासात मोजल्याशिवाय शुगरचं नाव घेऊ नका.

मुंबई

कोल्हापूरकरांसारखंच, फक्त माझ्या बाबतीत पॅनिक अटॅक निघाले. लोकलमध्ये व्हायचं, घरी कधीच नाही. साखर दर वेळी नव्वदीत. बिस्किटाने बरं वाटायचं हे खरं, पण बिस्किट पोटात उतरायच्या आधीच बरं वाटायचं! समुपदेशकांकडे जाते आहे, फरक आहे.

मडगाव

आमच्या मुलाचं लिहिते. साडेतीन वर्षांचा होता, बारीक अंगकाठी. आदल्या दिवशी थोडी उलटी झाली आणि रात्री न जेवताच झोपला. सकाळी उठेचना. उठवला तर मान टाकून देई, मग एक झटका आला. हॉस्पिटलात साखर ४० च्या आत, लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारं द्रव्य. किती तपासण्या झाल्या, मला आता नावंही आठवत नाहीत. निदान असं: काही लहान मुलांना लांबचा उपास सोसत नाही, यकृतातला साठा लवकर संपतो आणि मग शरीर चरबी जाळायला लागतं. वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचं आपोआप थांबतं. आमचं आठव्या वर्षी थांबलं.

तोवर नियम एकच, रात्री उपाशी झोपायचं नाही. निजताना दुधात कच्चं कॉर्नफ्लोअर ढवळून द्यायचो. ते शिजवायचं नाही, कच्चं असलं तरच सावकाश पचतं आणि पहाटेपर्यंत पुरतं. प्रमाण मात्र डॉक्टरांनीच वजनावरून ठरवलं होतं. आणि ताप-उलटीत पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

जालना

माझी मावशी. पाचव्या बाळंतपणात अतोनात रक्त गेलं. बाळाला दूध आलं नाही, पाळी परत आली नाही. लोक म्हणाले, बाळंतवात. पुढची कित्येक वर्षं ती अशीच: थंडी सोसेना, अंगात त्राण नाही, आणि एक वेळचं जेवण चुकलं की भोवळ. कापूस वेचताना दोनदा शेतात पडली. तिची साखर ४५ लागली तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी थेट बाळंतपणाची हकीकत विचारली. रक्तस्रावात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सुकून जाते, त्यामुळे साखर सांभाळणारं कॉर्टिसॉलच तयार होत नाही. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. रोज स्टिरॉइडची छोटी गोळी, आणि ती सुरू झाल्यावरच थायरॉइडची. हा क्रम उलटा करायचा नाही, असं त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मावशी आता भांडायलासुद्धा लागली आहे. इतकी वर्षं तिच्या थकव्याला आम्ही आळस म्हणत होतो, याचं काय करायचं ते मला समजत नाही.

लॅब टेक्निशियन

पडद्यामागून दोन गोष्टी. साखरेचं रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात, तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत तसंच पडून राहिलं तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्क्यांनी आकडा घसरतो. घरून रक्त नेऊन दुपारपर्यंत गाडीच्या डिकीत फिरवलं आणि रिपोर्ट ५८ आला, तर ती साखर तुमची नाही, डिकीची. दुसरं, घरचं मीटर शंभराच्या खाली १५ पर्यंत इकडेतिकडे असलं तरी मानकात बसतं. ६० दाखवलं तर खरी ७५ असू शकते, ४५ ही असू शकते. शिवाय आंबा चिरलेल्या हाताने मोजाल तर काहीही येईल. हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस

चांगलं चाललं आहे, फक्त एक भेद ठळक करतो. जेवणानंतर दोन-चार तासांनी थरथर आणि घाम, खाल्लं की बरं, शुद्ध कधी हरपत नाही: हे बहुतेकदा जेवणाच्या बदलाने आवरतं. अशांची तीन महिन्यांची सरासरी साखरही बघतो, कारण काही जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतात. पण पहाटे, जेवण चुकल्यावर किंवा श्रमानंतर माणूस असंबद्ध बोलतो, वेड्यासारखा वागतो, नंतर त्याला काही आठवत नाही, आणि सारखं खाऊन वजन वाढतंय, असं असेल तर लाडू खात बसू नका. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ असू शकते. वर्षाला दहा लाखांत चार जणांना होते म्हणजे विरळाच, आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, ऑपरेशनने सुटतात. निदानासाठी भरती करून जास्तीत जास्त ७२ तास देखरेखीखाली उपास घडवतात आणि साखर उतरली की त्याच क्षणी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) तपासतात. हा प्रयोग घरी करू नये.

आणि औषधं आठवा. हिवतापावरचं क्विनाइन. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असतं. त्याने क्वचित शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि साखर कशीही उतरते. शेवटचं, उपाशीपोटी दारू. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर बनवत नाही. दिवसभर गड चढून रात्री चखन्यावर भागवणाऱ्या पोरांना सकाळी उठवता आलं नाही, तर ‘उतरली नाही अजून’ म्हणून सोडून देऊ नका.

पुणे, स्पर्धा परीक्षेची तयारी

मेसचं जेवण म्हणजे भात आणि पातळ वरण, मध्ये अभ्यासिकेत चहा-क्रीमरोल. साडेचारला अक्षरं नाचतात. मीटर नाही. ऐन वेळी नेमकं काय खायचं? आणि ती पाच तासांची चाचणी कशी असते?

धागा सुरू करणारी

ऐन वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घे आणि पंधरा मिनिटं थांब. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. बरं वाटल्यावर लगेच फुटाणे, शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं, नाहीतर तासाभराने परत तेच. क्रीमरोल मात्र सोडच. मीटर एखाद्या मित्राच्या घरचं मागून आण आणि साडेचारला, काही खायच्या आधी मोज. आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखव.

चाचणी लिहून दिलीच तर ज्या खाण्याने त्रास होतो तेच खायला मिळेल का, हे आधी विचार. काही ठिकाणी नुसतं ग्लुकोजचं पाणी देतात, त्याने बऱ्याच धडधाकट माणसांचीही साखर खाली येते आणि गोंधळ वाढतो. सोबत कुणाला तरी ने, आणि येताना गाडी त्यालाच चालवू दे.